वैजनाथअप्पांची बसती झोप

ज्याने उभा जन्म बैल पारखण्यात घालवला, त्याला खुर्ची निवडण्यासाठी दुसऱ्याच्या सल्ल्याची गरज नसते, असे सास्तूरच्या वैजनाथअप्पांचे ठाम मत होते. आणि अप्पांचे मत एकदा ठाम झाले, की त्या घरात पुढे फक्त माना डोलत.

"खुर्चीत काय हाय निवडायचं?" अप्पा म्हणाले. "चार पाय अन् एक पाठ! बैलाला शिंगं असत्यात, डोळं असत्यात, मन असतंय. ही तर मुकी जात. दुकानात शिरायचं, नजर टाकायची, घेऊन यायचं. संपलं!"

खुर्चीचा हा प्रसंग उद्भवला तो अप्पांच्या उजव्या खांद्यामुळे. खोंडाने धडक दिली म्हणून खांदा गेला, असे अप्पा भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. खोंड किती दांडगा होता हे सांगताना त्यांचे डोळे अभिमानाने भरून येत. वास्तविक ते न्हाणीत साबणावरून घसरले होते. पण ही गोष्ट त्यांच्या पत्नी महादेवीबाई आणि तो साबण ह्यांच्यापलीकडे कोणास ठाऊक नव्हती, आणि दोघांनीही पतिव्रतेच्या निष्ठेने मौन पाळले होते.

सोलापूरला शस्त्रक्रिया झाली. तुटलेला स्नायू शिवून, हात गळ्यात अडकवून देताना डॉक्टरांनी बजावले, "आजोबा, काही आठवडे आडवे निजायचे नाही. पाठ टेकून, अर्धे बसूनच झोपायचे. झोपेत कूस बदललीत आणि शिवण उसवली, तर हा हात पुन्हा खांद्याच्या वर जाणार नाही."

हे वाक्य अप्पांच्या काळजात रुतले. त्या हाताने त्यांनी किती बैलांच्या वशिंडावर थाप मारली होती! थाप पडताच कातडी कशी थरथरते, ह्यावरून ते जनावराचा स्वभाव सांगत. तो हात गेला तर उरणार काय? एक म्हातारा, आणि त्याची मते.

म्हणून अप्पा बसून झोपण्याची साधना करू लागले. पहिल्यांदा तुरीच्या पोत्यांची उतरण रचली. मध्यरात्री पोती सरकली आणि अप्पा तुरीसकट ओसरीवर आले. मग बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. पहाटेपर्यंत अप्पा घसरत घसरत पायथ्याशी गोळा झालेले असत. दिवाणावर उशांची चळत लावली, तर कंटाळवाण्या सभेतून श्रोते उठून जावेत तशा उशा एकेक करून निघून जात. झोप म्हणून नव्हती. डोळे लाल, डोके जड, बोलणे तिखट! महादेवीबाईही जागत, त्यांना कूस बदलण्यावर पहारा ठेवावा लागे.

रविवारी मुलगा शिवराज धाराशिवहून आला. तो तिथे कचेरीत नोकरीला होता. त्याने मोबाईल पुढे केला.

"अप्पा, ही बघा. मागं रेलते, पाय वर येतात, बटणावर चालते. ह्यात बसल्या बसल्या झोपता येतं. ऑर्डर करू का?"

"फोटू बघून बैल घेतल्याला माणूस बघितलाय का तू?" अप्पांनी विचारले.

"बैल नाही हो, खुर्ची."

"तेच ते. वर भार घालायचाय ना? मग हात लावल्याबिगर घ्यायचं न्हाय. म्या येतो. म्या निवडतो."

तोवर महादेवीबाई चुलीपाशी उगीच भांडी वाजवीत होत्या. शेवटी त्या दारात आल्या.

"काय बी घ्या, पर खुर्चीत निजायचं नगं. माणसाला सजवून बसीवत्यात ते कवा, म्हाईत हाय न्हवं?"

अप्पांचे घराणे लिंगायत. त्या रीतीत दिवंगताला आडवे निजवून नेत नाहीत. स्नान घालून, कपाळी भस्म रेखून, फुलांनी सजविलेल्या आसनावर बसवून, भजनाच्या घोषात समाधीच्या जागी नेतात. बसलेला, डोळे मिटलेला, माळ घातलेला माणूस त्या पंचक्रोशीत एकाच अर्थाने पाहिला जाई. महादेवीबाईंचे भय अगदीच निराधार नव्हते.

"मेल्याल्याला बसीवत्यात, म्हणून जित्त्यानं बसायचंच न्हाय व्हय?" अप्पा गरजले. "मग जेवताना काय उभा ऱ्हाऊ?"

महादेवीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पण त्या रात्रीही अप्पा पायथ्याशी गोळा झाले, आणि सकाळी त्यांनीच निमूटपणे प्रवासाची पिशवी भरली.

निघण्यापूर्वी पूजा झाली. अप्पांच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग विराजमान होई. उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून भस्माची बोटे हल्ली महादेवीबाईच ओढीत. प्रवासाला जायचे म्हणून त्यांनी त्या दिवशी ती जरा ठळक ओढली.

धाराशिवच्या बाजारात उत्तरेश्वर नावाच्या गृहस्थांचे फर्निचरचे प्रशस्त दुकान होते. त्यांनी हसतमुखाने स्वागत केले आणि एका खुर्चीकडे हात केला.

"बसा की, अप्पा!"

"थांबा," अप्पा म्हणाले. "आधी चालू द्या."

"कोण?"

"मला बघू द्या, म्हणतो."

अप्पांनी खुर्चीला प्रदक्षिणा घातली. खुरांकडे पाहिले. पाठीवरून डावा हात फिरवला. मागे उभे राहून त्यांनी हलकेच 'च् च्' केले आणि काही काळ वाट पाहिली. गिऱ्हाईक नेमके कशाची वाट पाहत आहे, हे न कळल्यामुळे उत्तरेश्वरही अदबीने वाट पाहू लागले.

"वय काय हिचं?"

"नवी आहे, अप्पा! कालच आली."

"नवं म्हंजे बिगरशिकिवल्यालं," अप्पा म्हणाले आणि बसून बाजूचा दांडा ओढला. त्यासरशी पायाखालची फळी उसळून वर आली आणि समोर उभ्या असलेल्या शिवराजच्या नडगीवर आदळली. शिवराज एका पायावर नाचू लागला.

"मारकी हाय," अप्पांनी निदान केले. "म्होरली दावा."

दुसरी खुर्ची पाठ टेकताच सपशेल आडवी झाली. छताकडे पाहत अप्पा म्हणाले, "ही बसकी. जू मानेवर ठिवलं की बसणार. नगं." तिसरी पुढेमागे डोलणारी होती. "झुलती! आवो, झुलणारा बैल दावणीला बांधू ने, घर हलतंय," असे म्हणून अप्पा तिच्यातून उतरले. महादेवीबाई मनोमन सुखावत होत्या. सगळ्याच खुर्च्या अशा दुर्गुणी निघाल्या तर बरेच होते.

उत्तरेश्वरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी कोपऱ्यातली शेवटची खुर्ची दाखविली. तांबूस, रुंद, विजेवर चालणारी. एका हाताला पेला ठेवण्याची वाटोळी खोबण, दुसऱ्या हाताला रिमोट. अप्पा टेकले. उत्तरेश्वरांनी बटण दाबले. खुर्ची आवाज न करता, पाणंदीतून भरली गाडी उतारावर यावी तशी सावकाश मागे रेलली. पाय वर आले. दुखऱ्या खांद्याखाली मऊ आधार आला.

"हिला..." अप्पा म्हणाले, "हिला वळण हाय..."

पुढचा शब्द आला नाही. अप्पांना झोप लागली होती!

शस्त्रक्रियेनंतरची ती पहिली खरी झोप. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या, श्वास इतका संथ झाला की पाहणाऱ्याने निरखून पाहावे. महादेवीबाई पाहतच राहिल्या. आपली शंका, आपले भय, सारे त्या विसरल्या.

उत्तरेश्वर हळूच म्हणाले, "अप्पांना उठवा, म्हणजे खुर्ची बांधून गाडीत—"

"उठवायचं न्हाय!" महादेवीबाई कुजबुजल्या, पण त्या कुजबुजीत असा अधिकार होता की दुकानातले पंखेसुद्धा जपून फिरू लागल्यासारखे वाटले. "किती दिसांनी डोळा लागलाय. हाय तसं उचला."

"माणसासकट?"

"माणसाकरताच घेतली न्हवं?"

वायर काढली. खुर्ची रेललेली होती तशीच राहिली. दुकानातल्या चौघांनी ती अप्पांसह अलगद उचलली आणि दाराशी उभ्या असलेल्या उघड्या टेम्पोत ठेवली. नवी वस्तू पूजा केल्यावाचून दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही, हा उत्तरेश्वरांच्या वडिलांपासूनचा नेम. त्यांनी खुर्चीच्या माथ्यावर झेंडूची माळ घातली. ती ओघळून अप्पांच्या गळ्यात आली. नारळ पायाशी ठेवला. उदबत्त्या खोवण्यास जागा शोधता शोधता त्यांना पेल्याची खोबण दिसली. वर मोठ्या गिऱ्हाइकाचा मान म्हणून पांढरी शाल!

वाऱ्याने कान धरतील, म्हणून महादेवीबाईंनी उपरण्याची पट्टी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली. वळणावर अप्पा घसरू नयेत म्हणून शिवराजने खुर्ची आणि अप्पा दोन्ही दोराने गाडीला बांधले. त्याला कचेरीत परतणे भाग होते. "मी संध्याकाळी मोटारसायकलवर येतोच," असे सांगून तो निघून गेला. ह्या साऱ्या सोहळ्याकडे एकदा, लांब उभे राहून, परक्याच्या नजरेने पाहावे, असे त्या प्रेमळ माणसांपैकी एकाच्याही मनात आले नाही.

चालक इंद्रजित तेरखेड्याचा. त्याचा सारा उमेदवारीचा काळ फटाक्यांचा माल वाहण्यात गेलेला. त्यामुळे गाडीत काहीही असले तरी ते केव्हाही उडेल अशा बेताने तो हाकत असे. महादेवीबाई त्याच्याशेजारी बसल्या.

"बाबा, हळू चालव. हारन वाजवू नगं. कुणी हाक मारली तर गप ऱ्हा म्हण. त्यांची झोप मोडू ने."

"फिकीर करू नका, मावशी. आवाज न करता जाणं हाच आपला धंदा आहे."

एवढे ऐकून महादेवीबाईंनी खिडकीला डोके टेकले, आणि कित्येक रात्रींचा पहारा संपल्यासारख्या त्याही झोपी गेल्या.

पुढे वाटेत जे घडले ते अप्पांना नंतर इतरांकडून तुकड्यातुकड्यांनी समजले. पण इथे ते क्रमानेच सांगणे उचित.

लोहाऱ्याच्या स्टँडसमोर टेम्पो अत्यंत धीम्या गतीने वळला. तिथे सास्तूरचे काही लोक बसची वाट पाहत होते. त्यांनी पाहिले: सजविलेले आसन, त्यावर बसलेले वैजनाथअप्पा, कपाळी ठळक भस्म, गळ्यात माळ, हनुवटी बांधलेली, बाजूला उदबत्तीचा धूर, आणि पुढे काचेला डोके टेकून मलूल पडलेल्या महादेवीबाई.

एकाने डोक्यावरची टोपी काढली. दुसरा धावत चालकाजवळ आला. "आप्पा...?"

इंद्रजितने ओठांवर बोट ठेवले आणि गंभीरपणे मान हलवली. "बोलू नका. मावशी आत्ताच कुठं शांत झाल्यात."

"आरं द्येवा! कवा?"

"दुपारी. दुकानातच. बसल्या बसल्या डोळे मिटले."

"काही त्रास?"

"छे! चेहरा बघा की, किती समाधान आहे."

त्या माणसाने चेहरा पाहिला, आणि खरोखरच इतके समाधान त्याने जिवंत अप्पांच्या चेहऱ्यावर कधी पाहिले नव्हते. त्याने डोळे पुसून खिशातला मोबाईल काढला.

टेम्पोच्या मागे एक मोटारसायकल लागली. मग आणखी. मग एक जीप. सारे मूक, सारे मंद. आरशातून ते पाहून इंद्रजितचा ऊर भरून आला. एका नव्या खुर्चीसाठी एवढी माणसे सामोरी येतात, म्हणजे ह्या म्हाताऱ्याचा मान काय असेल! त्या मानाला साजेसा म्हणून त्याने वेग आणखी कमी केला. इतका, की रस्त्याच्या कडेने चाललेली एक म्हैस त्यांच्यापुढे निघून गेली.

सास्तुरात वार्ता आधीच पोचली होती. हॉटेलवाल्याने शेगडी विझवली. दुकानांची दारे अर्धी खाली आली. भजनी मंडळाने टाळ-मृदंग काढले. मठातून वयोवृद्ध जंगमस्वामी निघाले. अप्पांच्या शेतात, लिंबाच्या झाडाखाली, अप्पांनीच पूर्वी एकदा बोट दाखवून ठेवलेल्या जागी, गड्यांनी समाधीसाठी खोदायला आरंभ केला. जमीन काळी, मऊ. काम भराभर होत होते.

वेशीजवळ टेम्पो थांबला. भजन सुरू झाले. इंद्रजितला आता राहवेना. त्याच्या आसनाखाली तेरखेड्याच्या फटाक्यांची एक लांब माळ उरलेली होती. त्याने खाली उतरून एका वडीलधाऱ्या गृहस्थांना विचारले, "लावू का? एवढा थोर माणूस!"

त्या गृहस्थांनी गहिवरून मान हलवली. "लावा. त्येंच्यासाठी न्हाय तर कुणासाठी!"

झोप मोडू न देण्याची सूचना इंद्रजित त्या क्षणी पूर्णपणे विसरला, आणि वेशीपासून काही अंतरावर माळ धडधडली.

अप्पा जागे झाले.

डोळे त्यांनी पुरते उघडले नाहीत. जाग आली की प्रथम खांदा दुखतो, ह्या अनुभवामुळे ते किंचित किलकिले करूनच थांबले. खांदा दुखत नव्हता. मात्र समोर सारे गाव उभे होते, उघड्या डोक्यांनी. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. अप्पांना वाटले, गावात कोणी तरी थोर गेले. कोण बरे? इतक्यात सरपंचांचा आवाज आला.

"वैजनाथअप्पा होते, म्हणून ह्या गावाच्या दावणीला चांगलं जनावर होतं..."

'होते' हा शब्द अप्पांच्या कानात शिरला, थोडा वेळ इकडेतिकडे फिरला, आणि मग अर्थासह काळजात उतरला. उदबत्ती. माळ. हनुवटीखालची गाठ. अप्पांना सारे कळले.

तत्काळ डोळे उघडावेत आणि ओरडावे, हाच सरळ मार्ग होता. अप्पा ओरडणारही होते. पण सरपंच पुढे म्हणाले, "असा निगर्वी, मितभाषी माणूस पुन्हा होणे नाही." ही विशेषणे अप्पांना जन्मात कोणी लावली नव्हती. एवढे वाक्य होऊ द्यावे, असे त्यांच्या मनात आले. वाक्य झाले. त्याला जोडून दुसरे आले, ते अधिकच गोड होते. सभ्य माणसाने मध्येच कसे बोलावे? अप्पांनी श्वास अगदी हळू केला आणि ऐकत राहिले.

इकडे फटाक्यांनी महादेवीबाईही जाग्या झाल्या होत्या. दार उघडते तोच बायकांनी त्यांना मिठ्या मारल्या आणि हंबरडा फोडला. "महादेवी! कसं गं झालं हे!"

गावात कोणी तरी गेले आहे, एवढे त्यांना उमगले. कोणाच्या दुःखात मागे राहण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनीही गळा काढला, आणि दोन हुंदक्यांच्या मध्ये शेजारणीला विचारू लागल्या, "कोण गेलं गं? आगं, कोण गेलं?" शेजारीण त्या प्रश्नाने अधिकच रडू लागली. दुःखाने बाईचे भान गेले, असे सर्वांना वाटले.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. काठी टेकीत धोंडीबा पुढे आला.

धोंडीबा अप्पांच्या शेताच्या बांधाला बांध असलेला, मेंढरे आणि बैल ह्यांच्यात वाढलेला, अप्पांच्याच वयाचा. पूर्वी एकदा अप्पांनी भर बाजारात त्याच्या खोंडाला 'बसका' म्हटले होते. तेव्हापासून दोघांत अक्षराचे बोलणे नव्हते. सारे गाव श्वास रोखून पाहू लागले. अप्पांनी तर आधीच रोखला होता.

"वैजनाथा," धोंडीबा काठीवर रेलत म्हणाला. "आरं, भांडायला तरी कोण ठिवलंस मला? सकाळी बांधावर उभा ऱ्हायलो की तुजी पाठ दिसायची. तुजी पाठ दिसली की वाटायचं, अजून समदं जागच्या जागी हाय."

अप्पांच्या मिटल्या पापणीतून पाण्याचा एक थेंब ओघळला. तो भस्माच्या खाली, गालावरून उतरला. पण त्या गर्दीत प्रत्येकाचेच डोळे भरलेले असल्यामुळे तो कोणास दिसला नाही. आता मात्र डोळे उघडावेत, धोंडीबाचा हात धरावा, असा निश्चय अप्पांनी केला. पण धोंडीबाचे बोलणे संपले नव्हते.

"मानूस सोन्यावानी व्हता," तो नाक पुसत म्हणाला. "आता गेल्यावर खोटं कशाला बोलू? बैलाची पारख तेवढी न्हवती बिचाऱ्याला—"

"कुणाला न्हवती?"

प्रश्न आसनावरून आला होता.

मृदंग थांबला. टाळ एकाच्या हातातून गळून इतका वेळ किणकिणत राहिला की तो उचलावा असे वाटूनही कोणी वाकेना. पुढची रांग मागे सरली, मागची रांग वेशीच्या आत गेली. हॉटेलवाला तर थेट शेगडीपर्यंत पोचला!

"कुणाला पारख न्हवती, धोंड्या?" अप्पा माळेसकट थरथरत होते. "तुजं खोंड बसकं व्हतं, बसकंच व्हतं! हजार माणसांत सांगीन!"

त्यांनी आवेशाने उठण्याचा प्रयत्न केला. पण दोर आवळलेले, खुर्ची रेललेली, आणि रिमोट वायरीवाचून मुका. अप्पा ते बटण संतापाने दाबीत राहिले. दुरून पाहणाऱ्यांना वाटले, ते जपमाळ ओढीत आहेत.

सर्वांत शांत राहिले ते जंगमस्वामी. त्यांनी जवळ येऊन अप्पांच्या नाकापुढे बोट धरले, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "भांडतो आहे, म्हणजे आहे. बाळांनो, शेतातला खड्डा थांबवा."

गर्दीतून वाट काढीत महादेवीबाई टेम्पोपाशी आल्या. आपण इतका वेळ कोणासाठी रडत होतो, हे त्यांना तिथे कळले. त्यांनी टेम्पोच्या फळीला धरले.

"म्हणलं व्हतं का न्हाय!" त्या ओरडल्या. "खुर्चीत निजू नगा म्हणलं व्हतं का न्हाय!"

"तुम्हीच म्हणालात ना, मावशी, आहे तसं उचला!" इंद्रजित म्हणाला.

"म्या म्हणलं! म्या म्हणलं!" एवढेच त्या दोनदा म्हणाल्या, आणि मग खरोखर रडल्या. आधीचे रडणे रीतीचे होते. हे निराळे होते. ते ऐकून सारे गाव माना खाली घालून उभे राहिले, आणि अप्पांचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. डावा हात दोराखालून जितका निघाला तितका त्यांनी पुढे केला. महादेवीबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला.

"आगं, हाय म्या," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "झोप मातर नामी लागली व्हती."

रेललेल्या खुर्चीतून ओढून काढावे, तर खांद्याची शिवण उसवण्याचे भय. म्हणून खुर्चीच उचलून घरी न्यावी आणि वायर जोडावी, असे ठरले. मृदंगवाल्याला रिकामे हात पेलवेनात, म्हणून तो वाजवू लागला. आणि अशा रीतीने अप्पांची मिरवणूक, थोड्या निराळ्या दिशेने का होईना, पूर्ण झाली. घरी पोचल्यावर कळले, वीज गेली आहे, ती संध्याकाळी येईल. तोवर अप्पा अर्धे रेललेले, ओसरीवर स्थानापन्न राहिले. उमरग्याकडचे पाहुणे हार घेऊन, दारातूनच टाहो फोडीत येत आणि अप्पा प्रत्येकाला नम्रपणे म्हणत, "या, बसा. म्या हायच." आणलेले हार परत कसे न्यावेत, म्हणून पाहुणे ते खुर्चीलाच घालून जात. इंद्रजितला शेवटी कोणी तरी सारा प्रकार समजावून सांगितला. तो म्हणाला, "तरीच सगळे मागं लागले, पण ती म्हैस थांबली नाही. तिला खरं दिसलं असणार."

गड्यांनी येऊन विचारले, "खड्ड्याचं काय करावं?" उघडा ठेवू नये, म्हणून त्यात आंब्याचे रोप लावले गेले.

पण खऱ्या विपत्तीला त्यानंतर सुरुवात झाली. खुर्ची उत्तम होती, खांदा निवांत होता, झोप पापण्यांवर येऊन बसलेली असे. पण अप्पांनी डोळे मिटले रे मिटले, की वाटेने जाणारा दारात थबके. "आप्पा! ओ आप्पा! हाय न्हवं?" अप्पा डोळे उघडून "हाय" म्हणत. तो गेला की दुसरा. आणि सर्वांत वाईट म्हणजे स्वतः महादेवीबाई. स्वयंपाक अर्धा टाकून त्या येत आणि नाकाखाली बोट धरीत. बोटाला कधी मिरचीचा, कधी हिंगाचा वास असे. अप्पा शिंकत, शिंक आली की त्यांना दिलासा मिळे, आणि अप्पांची झोप जाई. शिंकेने खांद्याला हिसका बसे तो वेगळाच.

"मला निजू दे गं," अप्पा एके दिवशी काकुळतीने म्हणाले. "न्हाय तर हात जाईल."

महादेवीबाईंनी पदराला बोट पुसले. त्यांना बोट आवरत नव्हते, हेच खरे होते.

ही वार्ता बांधापलीकडे गेली असावी. दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडीबा काठी टेकीत आला, लाकडी पाट ओढून थेट खुर्चीच्या पायापाशी बसला, आणि कोणाकडेही न पाहता म्हणाला, "वयनी, तुमी भाकरी करा. म्या बघतो ह्याच्याकडं."

वाटेने कोणी थबकला, की धोंडीबा काठी उगारून सांगे, "झोपलाय! जित्ता हाय! हाक मारू नगं!" आणि अप्पा झोपले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि पुढेही. घोरण्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू जाई आणि महादेवीबाईंची भाकरी टम्म फुगे. सोलापूरला दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी शिवण तपासून समाधानाने मान हलवली. हात वाचला होता.

एक दिवस कोणी पाहुणा दारात थांबला. धोंडीबाने नेहमीचे वाक्य म्हटले आणि सवयीने शेवटी जोडले, "मानूस सोन्यावानी हाय. बैलाची पारख तेवढी न्हाय."

अप्पांचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर अपार शांती होती. त्या दिवशी वीजही होती. डाव्या हाताचा अंगठा मात्र रिमोटवर किंचित हलला. पायाखालची मऊ फळी, आवाज न करता, सावकाश वर आली, धोंडीबाच्या पाठीला टेकली, आणि तशीच वर येत राहिली. धोंडीबा पाटासकट ओसरीच्या पायरीवर उतरला.

तो उठून बसला, टोपी झटकली, आणि झोपलेल्या अप्पांकडे बराच वेळ पाहत राहिला.

"बघा," तो पाहुण्याला म्हणाला, "म्या काय सांगत व्हतो? शेवटी मारकीच घेऊन आला!"